शेवटच्या पानाची हाक

मेडशी

देवस्थानांना वर्ग असतात, हे मला मेडशीच्या एसटी थांब्यावर कळलं. अ, ब आणि क. शाळेत तुकड्या असतात तसे. थांब्यासमोर विजेच्या दोन खांबांना बांधलेला एक फलक होता. 'श्री झोळीवाले महाराज संस्थान, सावरदरी यांस ब वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळवून देणारच' असं त्यावर लिहिलं होतं. मधोमध एक भला मोठा चेहरा होता, तो महाराजांचा नव्हता. खाली शुभेच्छुकांची रांग होती आणि त्या रांगेत, डावीकडून तिसरे, महाराज होते.

मिलिंद खिल्लारे मला घ्यायला मोटरसायकल घेऊन आला होता. अकोल्याला आम्ही एका कचेरीत शेजारी शेजारी बसायचो. निवृत्तीनंतर तो आपल्या गावी आला, मी सांगलीला गेलो. "देव पाह्यचा असन त मानसं पोहरादेवीले जातात," तो म्हणाला. "सावरदरीले जाणारा एक त तिथला जावई राह्यते, नाई त उमेदवार. तू कोन?" मी म्हणालो, पाहुणा. त्यावर तो म्हणाला की उमेदवारही हेच सांगतात.

माघ महिना होता. तूर निघालेली होती, हरभरा घाट्यावर आला होता. मिलिंदच्या ओसरीवर एका परातीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या आणि परातीभोवती तीन बायका होत्या. एक मिलिंदची बायको सुनंदाताई. ती आयुष्यभर आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि अजूनही गावाला ती निवृत्त झाल्याचं मान्य नाही. दुसरी साठी ओलांडलेली, हातापायांनी काटक अशी यमुनाबाई. तिसरी तिची सून ललिता. तिला चौथा महिना लागला होता आणि तपासणीसाठी सासू तिला घेऊन आली होती.

उकडलेल्या शेंगा खाणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. शेंग दातात धरून ओढायची, दाणे आत राहतात, साल बाहेर येते. मला साल आत आणि दाणे सदऱ्यावर असं जमत होतं. यमुनाबाई थोडा वेळ पाहत राहिली, मग सुनंदाताईला तिने विचारलं की हे पाहुणे कुठले. सांगलीचे, हे ऐकून तिचा चेहरा एकदम ओळखीचा झाला. तिचा मुलगा गणेश तिकडेच ऊस तोडायला गेला होता. पारवाडीतली बहुतेक तरणी माणसं दिवाळीनंतर जातात आणि चैत्रात येतात. मागे म्हाताऱ्या, लेकरं आणि शेळ्या राहतात.

पारवाडी म्हणजे सावरदरीच्या पलीकडली वस्ती. मधे नाला आहे. हिवाळ्यात त्यात गुडघाभर पाणी असतं, दगडांवर पाय देत माणूस पार होतो. पावसाळ्यात पार होत नाही. ललिताचे दिवस आषाढात भरणार होते. सुनंदाताईने वहीत पाहिल्यासारखं न करता, सरळ सुनेच्या डोळ्यांत पाहून सांगितलं की जेठ संपायच्या आत इकडे येऊन राहायचं. ललिता हो म्हणाली. यमुनाबाई म्हणाली की तोवर पूल होईल. फलकावरच्या साहेबांनी शब्द दिला आहे, उद्या महाराजांच्या यात्रेत जाहीर करणार आहेत.

"मांगच्या साहेबानंही देल्ला होता," मिलिंद म्हणाला.

"थ्यो दुसऱ्या पक्षाचा होता," यमुनाबाई म्हणाली. हे ती उपहासाने म्हणाली की आशेने, ते मला त्या वेळी कळलं नाही.

सावरदरी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटरसायकलवरून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली मोकळी रानं, मधे हरभऱ्याचे हिरवे तुकडे, आणि बांधांवर पळसाची झाडं, अजून फुलायची वाट पाहणारी. वाटेत एक कमान लागली, मग दुसरी, मग तिसरी. पहिली एका पक्षाची, दुसरी दुसऱ्याची. तिसरी कोणाची ते कळत नव्हतं, कारण तिचा मालक आदल्या आठवड्यात पक्ष बदलून गेला होता आणि नवं कापड अजून आलं नव्हतं.

झोळीवाल्या महाराजांची गोष्ट सरळ आहे. हा माणूस घरोघर झोळी फिरवून ज्वारी गोळा करायचा, तिचा ठोंबरा, म्हणजे भरडीचा घट्ट भात, शिजवायचा आणि येईल त्याला वाढायचा. स्वतः पंगतीत सर्वांत शेवटी बसायचा. सगळ्यांना वाढून झालं की अन्न त्याच्या पानावर यायचं. मग तो म्हणायचा, "पावलं." तो शब्द ऐकल्यावर पंगत जेवायला सुरुवात करायची, त्याआधी नाही. याखेरीज त्याने काही चमत्कार केल्याचं कोणी सांगत नाही. मंदिराच्या नव्या संगमरवरी फलकावर चार चमत्कार कोरलेले आहेत, पण ते दर्जाच्या अर्जाबरोबर आले असावेत.

महाराज गेल्यावर शेवटचं पान पारवाडीकडे आलं, कारण ती माणसं नाला ओलांडून सगळ्यांच्या नंतर पोहोचायची. आता यात्रेला आसपासच्या खेड्यांतून एवढी माणसं येतात की पंगत मंदिरापासून निघून तीन शेतं ओलांडते. तरी रीत तीच. शेवटच्या पानावर वाढून झालं की पारवाडीचं वडीलधारं माणूस 'पावलं' म्हणतं, शेजारचा तो शब्द पुढे देतो, आणि तो रांगेतून मंदिरापर्यंत जातो. गेली काही वर्षं ते माणूस यमुनाबाई आहे.

मला ही रीत फार आवडली. आमच्या सांगलीकडे पंगत मुख्य पाहुण्याच्या पहिल्या घासाने सुरू होते आणि शेवटच्या माणसाला भात आहे की नाही ही आचाऱ्याची खासगी चिंता असते. मी मिलिंदला तसं म्हणालो, बहुधा जरा भारावून.

त्याने गाडी बाजूला घेतली. "त्या शेवटच्या पानाच्याही पल्याड, बांधाखाली, माह्या आज्याची पंगत बसे," तो म्हणाला. "आमच्या लोकांची. थे पावलं म्हनत, तवा आमाले पावलेलं नसे. छप्पन साली आमी बौद्ध झालो न उठलो तिथून. मंग कोनी पुन्हा बसलं नाई." आवाज चढला नव्हता. मग त्याने गाडीला पुन्हा किक मारली आणि म्हणाला, "रीत चांगलीच हाय. फकत मोजणी कुठपर्यंत करतात, थे पाह्य."

पंगत

महाप्रसाद पुरी आणि वांग्या-बटाट्याच्या भाजीचा. पुऱ्या मंदिराच्या मागे तळल्या जात होत्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्वच्छ कापडावर ओतल्या जात होत्या. भाजीच्या कढया एवढ्या मोठ्या की ढवळणारे शिडीच्या पायरीवर उभे होते. यंदा पुरीचा खर्च सत्ताधारी पक्षाने उचलला होता आणि भाजीचा विरोधकांनी. त्यामुळे पुरीच्या ट्रॉलीवर एक झेंडा होता, भाजीच्या ट्रॉलीवर दुसरा. लोकशाहीत दोन्ही लागतात, हे इतक्या स्पष्ट रीतीने मी प्रथमच पाहत होतो.

संस्थानचे अध्यक्ष देवरावभाऊ हे घामेजलेले, सज्जन वाटणारे गृहस्थ. त्यांनी मला मंचाजवळच्या मानाच्या रांगेत बसायचा आग्रह केला. तिथे पानांखाली सतरंजी होती आणि पानाशेजारी पाण्याची बाटली. मी पारवाडीबरोबर बसतो म्हटल्यावर त्यांना माझी थोडी कीव आली असावी. मिलिंद पंगतीत बसणार नव्हताच. त्याने मोटरसायकल शेवटच्या शेताच्या बांधावर, एका बाभळीखाली उभी केली आणि तिच्यावरच बसून राहिला.

शेवटच्या शेतात चुन्याची रेघ ओढली होती. तिच्यावर पारवाडीच्या बायका लेकरांना घेऊन बसल्या होत्या. शेवटचं पान यमुनाबाईचं, तिच्या अलीकडे ललिता, मग मी. इथून मंच दिसत नव्हता. दिसत होत्या त्या फक्त माणसांच्या पाठी, दूरपर्यंत, आणि मधे मधे खांबांवरचे भोंगे.

पुरीची ट्रॉली आली. चौघे जण वर उभे राहून खाली वाकत प्रत्येक पानावर पुऱ्या टाकत गेले. पुरी गरम होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि माझा हात आपोआप पानाकडे गेला. ललिताच्या पुढून एक हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं. हात यमुनाबाईचा होता, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आईने लेकराचा हात धरावा तसा धरला आणि सोडला. पारवाडीची लेकरं माझ्याकडे पाहून हसली. त्यांचे हात मांडीवर होते.

भाजीची ट्रॉली आली नाही.

भोंग्यातून सूत्रसंचालकाने सांगितलं की साहेबांचं आगमन झालं आहे. मग हार, मग शाल, मग पुन्हा हार. साहेब बोलायला उठले. आवाज चांगला होता, सवयीचा. ते म्हणाले की मी इथे नेता म्हणून नाही, भक्त म्हणून आलो आहे; हे वाक्य नेत्याशिवाय कोणी म्हणत नाही. त्यांनी ब वर्ग दर्जा जाहीर केला. टाळ्या झाल्या. सभामंडप जाहीर केला, भक्तनिवास जाहीर केलं. पारवाडीच्या बायका मान वर करून भोंग्याकडे पाहत होत्या, जणू तो आता त्यांच्याकडे वळून बोलणार होता. मग साहेब म्हणाले, महाराजांच्या कृपेने शासन तुमच्या दारी आलं आहे, महाराज पावले, शासन पावलं. आणि क्षणभर थांबून, एकेक अक्षर लांबवत, "पावलं."

यमुनाबाई दचकली. "कोन म्हनलं?" तिने विचारलं.

पुढे मंचाजवळ काय झालं ते मला नंतर कळलं. साहेबांना कोणीतरी पढवून ठेवलं होतं की इथे 'पावलं' म्हटलं की पंगत सुरू होते. ते कोणी म्हणायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं, किंवा सांगण्याची कोणाची छाती झाली नव्हती. साहेबांनी पुरीचा तुकडा मोडला. छायाचित्र निघालं. त्यांच्याबरोबर आलेले बाहेरगावचे कार्यकर्ते जेवू लागले. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आजूबाजूचं कोणी जेवत नाही. तीन शेतं भरून माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. कोणी निषेध करत नव्हतं. फक्त, त्यांना ऐकू आलेला शब्द मागून आला नव्हता. साहेबांनी तुकडा पानावर ठेवला.

आम्हाला हे दिसत नव्हतं. आम्हाला एवढंच कळत होतं की एवढी माणसं असून लेकरांच्या कुजबुजीशिवाय आवाज नाही. माझ्या पुरीवर तेल गोठून पांढरं होऊ लागलं होतं. अशी शांतता मी मंदिरांत फार कमी अनुभवली आहे.

मग एक मोटरसायकल पंगतीच्या कडेने धूळ उडवत आली. मागे देवरावभाऊ बसले होते. ते उतरले आणि यमुनाबाईसमोर उकिडवे बसले, त्यामुळे त्यांचं धोतर चुन्याने माखलं.

"माय, म्हन बा पावलं," ते म्हणाले. "साहेबाले पुढं रिसोडले जायचं हाय. सारे थांबून राह्यले."

"भाजी कुठी हाय?"

"येऊन राह्यली. पुरी त आली नं? पुरी पावली का नाई तुले?"

"पुरी पावली."

"मंग झालं. म्हन."

तिने मान हलवली. देवरावभाऊंनी आवाज खाली आणला. ते धमकावत नव्हते. ते खरोखरच विनवत होते, आणि म्हणूनच ते ऐकणं जड गेलं. साहेबांच्या हातात कागद आहे, ते म्हणाले. त्यावर पारवाडीचा पूल लिहिलेला आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पंगत सुरू झाली की ते जेवताना बोलणार होते. आता त्यांचं तोंड उतरलं आहे. असेच उठून गेले तर पूल त्या कागदातच राहील.

"तुह्या सुनेसाठीच सांगून राह्यलो," ते म्हणाले.

पारवाडीच्या सगळ्या बायका यमुनाबाईकडे पाहू लागल्या. त्यांतली एक हलकेच म्हणाली, "म्हन नं काकू. एक शब्द त हाय. काय जाते?" ललिता पानाकडे पाहत होती. तिने पदराने पुऱ्यांवरची माशी उडवली.

यमुनाबाईने पानावरची पुरी उचलली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा ठेवली.

"देवराव," ती म्हणाली, "आमच्यापाशी येवढा एकच शब्द हाय. यंदा कोरड्या पुरीवर म्हनला, त पुढच्या साली रिकाम्या पानावर म्हनाले लावसान. मंग कोन थांबन आमच्यासाठी?"

तेव्हा बांधावरून मिलिंदचा आवाज आला.

"भाऊ, भाजी तुमच्या गाड्यांच्या मांग अटकली हाय. मधल्या शेताच्या धुऱ्यावर साहेबाच्या गाड्या लावल्या तुमी. ट्रॉली कुठून येईन?"

देवरावभाऊ चिडले. सकाळपासूनच्या सगळ्या चिडीला त्यांना शेवटी एक माणूस सापडला होता. "तू त पंगतीतही नाई," ते म्हणाले.

"म्हनूनच दिसून राह्यलं," मिलिंद म्हणाला.

देवरावभाऊ उठले. धोतरावरचा चुना त्यांनी दोनदा झटकला, तो निघाला नाही. मग ते आले तसे गेले. थोड्या वेळाने दूरवर एकामागून एक गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्या धुऱ्यावरची, मधल्या बांधावरची, धूळ रस्त्याकडे सरकत गेली. भोंग्यातून सांगण्यात आलं की साहेबांना तातडीच्या कामासाठी निघावं लागत आहे, तरी त्यांचे आशीर्वाद आपल्या पाठीशी आहेत. दर्जाचा पुन्हा उल्लेख झाला, सभामंडपाचा झाला, भक्तनिवासाचा झाला. बायका शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"पूल म्हनलाच नाई," मघाचीच बाई म्हणाली.

भाजीची ट्रॉली आली. वाढणारे बादल्या घेऊन पळत होते, तरी त्यांनी यमुनाबाईच्या पानापर्यंत येऊनच बादली खाली टेकवली. भाजी कोमट झाली होती. यमुनाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, रांगेवरून एक नजर फिरवली, आणि मग तिने बांधाकडे पाहिलं, जिथे मिलिंद बसला होता. तिने एक पुरी आणि तिच्यावर भाजी घेऊन ललिताकडे दिली. ललिता पोट सांभाळत उठली आणि बांधापर्यंत गेली. मिलिंदने आधी हात पुढे केला नाही. मग गाडीवरून खाली उतरून त्याने ती पुरी ओंजळीत घेतली.

तेव्हा यमुनाबाई म्हणाली, "पावलं."

शब्द माझ्यापर्यंत आला, मी पुढे दिला. तो पाठींवरून पुढे पुढे जाताना दिसत होता. जिथे तो पोहोचायचा तिथल्या माना खाली जायच्या. पुष्कळ वेळाने मंदिरातली घंटा वाजली. मी देव मानत नाही, आणि त्या दिवशीही मानला नाही. पण त्या घंटेआधी मला घास घेता आला नाही.

परतल्यावर

दुपारी यमुनाबाईबरोबर नाल्यापर्यंत गेलो. ती दगडांवरून पलीकडे गेली, सुनेचा हात धरून. ललिताने मधल्या दगडावर थांबून पाण्यात पाहिलं आणि हसून काहीतरी म्हणाली. सासूने तिला चल म्हटलं. परतीच्या वाटेवर मिलिंदने एवढंच सांगितलं की आपण ती पुरी खाल्ली. मी विचारलं, कशी होती? "गार," तो म्हणाला.

सांगलीला आल्यावर मिलिंदने पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण पाहिलं. साहेबांच्या हातात पुरीचा तुकडा होता आणि खाली लिहिलं होतं की त्यांनी सामान्य भाविकांसोबत पंगतीत बसून महाप्रसादाचा लाभ घेतला. ब वर्गाचा कागद उन्हाळ्यात आला. सभामंडपाचे खांब उभे राहिले. नाल्यावर काही आलं नाही. यमुनाबाईने तो शब्द अडवून धरल्यामुळे आलं नाही, की तो लगेच म्हटला असता तरी आलं नसतं, हे कोणालाच कळणार नाही. पारवाडीत दोन्ही म्हणणारे आहेत, आणि काही दिवस यमुनाबाईच्या अंगणात बायकांचं येणं कमी झालं होतं, असं सुनंदाताईने सांगितलं.

ललिता जेठ संपायच्या आत मेडशीला यायची होती. निघायचंही ठरलं होतं. पण कळा आधीच सुरू झाल्या आणि नाला त्याच रात्री चढला. मिलिंदचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आधी त्याने सांगितलं की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग त्याने बाकीचं सांगितलं. सकाळी पाणी छातीपर्यंत उतरल्यावर गणेशने आणि पारवाडीच्या आणखी तिघांनी ललिताला बाजेवर घेऊन पार केलं. दोर धरायला, यमुनाबाईकडे येणं कमी केलेल्या सगळ्या घरांतली माणसं आली होती. यमुनाबाई बाजेच्या मागे पाण्यात होती. अलीकडे सुनंदाताई गाडी घेऊन उभी होती, आणि मिलिंद काठावर.

"बाज वर आली, न म्या इचारलं, झालं का माय?" मिलिंद सांगत होता. "थे बोलेच ना. नुसती मांग पाहून राह्यली. दोर सोडाले राह्यलेला एक जन अजून पाण्यात होता. त्याचा पाय काठाले लागला, तवा म्हनली."

काय म्हणाली, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.